पहिली पगार स्लिप हातात आली की काय बघायचं

कुपवाड, मिरज एमआयडीसीत किंवा सातारा, शिरवळच्या कारखान्यांत नव्यानं लागलेल्यांचा पहिल्या पगाराला ठरलेला प्रश्न: "एकवीस हजार सहाशे सांगितले होते, मग खात्यात सोळा हजारच कसे?" बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. सांगितलेला आकडा सीटीसीचा असतो, म्हणजे तुमच्यापायी कंपनीला येणारा सगळा खर्च. त्यामुळे मुलाखतीतच न लाजता विचारा, "हातात किती पडतील आणि बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती?"

हिशेब असा. बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 12,000, घरभाडे भत्ता 3,000, इतर भत्ते 3,000. ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, झाला 18,000. त्यातून पीएफ (भविष्य निर्वाह निधी) बेसिक-डीएच्या 12 टक्के, 1,440. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ग्रॉसच्या 0.75 टक्के, 135. प्रोफेशनल टॅक्स (राज्याचा व्यवसाय कर) 200. हातात 16,225. सीटीसीतले उरलेले 3,600 म्हणजे कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,440, ईएसआय 585 आणि बोनस-ग्रॅच्युइटीपोटी धरलेले साधारण 1,575. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, पाच वर्षं भरल्यावरच मिळते, तरी ती सीटीसीत पहिल्या दिवसापासून मोजतात.

फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स 300 कापतात, ती चूक नव्हे. महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर तो लागतच नाही. तरी कापला असेल तर लगेच एचआरला दाखवा.

बेसिक कमी आणि भत्ते जास्त असले की हातात चार पैसे जास्त येतात, पण पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी सगळंच आटतं. आमच्या मते बेसिक जास्त असलेली नोकरी बरी.

खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीच्या दिवसाच्या कपातीचा, दर आधीच विचारून ठेवा. 18,000 ला 26 नं भागलं तर एक खाडा 692 ला पडतो, 30 नं भागलं तर 600 ला. ओटी (ओव्हरटाइम, जादा तासांचं काम) कायद्यानं दुप्पट दरानं असते. काही ठिकाणी ती 'इन्सेन्टिव्ह' म्हणून एकेरी दरानं लावतात, म्हणून ओटीचे तास रोज स्वतःच्या डायरीत लिहा आणि स्लिपशी ताडून बघा.

अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) कायद्याखाली लागला असाल तर पगार नाही, स्टायपेंड (विद्यावेतन) असतो. त्यातून पीएफ, ईएसआय कापत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ पीएफचा. स्लिपवर कपात दिसली म्हणजे पैसे भरले गेले असं नाही, ठेकेदाराकडे असाल तर विशेष लक्ष ठेवा. भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत व्हायला हवा. त्यानंतर उमंग ॲपवर पासबुक उघडून स्वतः बघा. दोन महिने नोंद नसेल तर लेखी विचारा, तोंडी नको.

यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफचा कायमचा नंबर, 12 आकडी आणि आयुष्यभर एकच. दुसऱ्या कंपनीत जाताना जुनाच द्या. नवा काढून दिला तर पैसे दोन खात्यांत अडकतात. आधार, पॅन, बँक पासबुक तिन्हीकडे नाव अक्षरशः सारखं हवं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, किंवा वडिलांचं नाव गाळलेलं, एवढ्यावरही क्लेम (पैसे काढायचा अर्ज) परत येतो. ही दुरुस्ती नोकरीत असतानाच करून घ्या, कारण तिला काही वेळा कंपनीची मंजुरी लागते.

आणि नोकरी सोडलीत तर पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख चढली का ते बघा. ती नसेल तर पूर्ण रक्कम काढता येत नाही. कंपनीनं टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीवर तुम्ही स्वतःच टाकू शकता.