सत्तेचाळीसावा दिवस

माझ्या सीए ऑफिसचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात तात्या आणि मावशी शाहूपुरीच्या बोळात शिरताना दिसले. शिरोळहून पहिल्या एसटीनं आलेले. तात्यांच्या बगलेत कापडी पिशवी, मावशींच्या हातात कनवटीसारखा घट्ट धरलेला रुमाल.

"सायेब, साठातलं शेचाळीस दिस गेलं. आज सत्तेचाळीसावा," तात्या बसायच्या आधीच म्हणाले.

त्यांची लेक अमेरिकेत टेक्सासमध्ये एमएस करते, नवऱ्याच्या एच-1बी या नोकरीच्या परवान्यामुळे मिळालेल्या एच-4 या जोडीदाराच्या परवान्यावर. एच-4वर शिकायला आडकाठी नसते, त्यामुळे वर्षभर कुणाच्या मनात स्टेटसचा विचारही आला नाही. मग जावयाची नोकरी गेली. नोकरी सुटली की एच-1बीवाल्याला तिथं राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, 2017 पासूनचा नियम आहे. बायकोचा एच-4ही त्याच दाव्याला बांधलेला. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख अजून दोन वर्षं पुढची होती आणि तात्या तीच धरून बसले होते. त्यांना सांगितलं, व्हिसा आत शिरण्यापुरता. आत कोणत्या हक्कानं राहताय ते स्टेटस. हक्क संपला की तारखेचा उपयोग नाही.

वाट एकच दिसत होती. लेकीनं स्वतः एफ-1 विद्यार्थिनी व्हायचं. युनिव्हर्सिटीकडून नवं आय-20, म्हणजे प्रवेशाचं आणि खर्चाच्या सोयीचं पत्र घ्यायचं, सेविसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची 350 डॉलर फी भरायची आणि साठाव्या दिवसाच्या आत आय-539, म्हणजे स्टेटस बदलाचा अर्ज टाकायचा. त्याच अर्जात नवरा एफ-2, म्हणजे तिचा अवलंबित.

"म्हंजे जावई लेकीच्या कागदावर ऱ्हाणार?"

"हो. आणि एफ-2वर त्यांना नोकरी करता यायची नाही."

तात्या गप्प झाले. मावशींनी मात्र तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

आय-20 अडलं होतं ते पैशाच्या पुराव्यावर. दोघांच्या वर्षाच्या खर्चातले तिकडच्या शिलकीतून भागून 23,000 डॉलर कमी पडत होते, म्हणजे साधारण 20 लाख. तात्यांनी पिशवीतून सातबारे काढले. पाच एकर ऊस, नदीकाठची काळी जमीन, किंमत कोटींत. प्रत्येक उतारा प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर हळदीचं बोट. ते बाजूला सारताना माझाच हात जड झाला. युनिव्हर्सिटीला हवी असते ती लगेच मोडता येणारी रक्कम: बचत, ठेव, मंजूर कर्ज. जमीन त्यात बसत नाही. ठेवी पाहिल्या तर तात्यांच्या नावावर 9 लाख.

मग त्यांनी आवाज खाली आणला. पाहुण्यातल्या कुणीतरी तोड सुचवली होती: चार दिवस 11 लाख खात्यावर फिरवायचे, दाखला घ्यायचा, परत करायचे. "तुमी सही तेवढी करा."

मी नाही म्हणालो. दाखल्यावर माझा यूडीआयएन, म्हणजे सीएनं दिलेल्या कागदाचा नोंद क्रमांक पडतो, पण तेवढ्यानं नाही. आय-539वर लेक शपथेवर सही करते. तिथं खोटं उघडकीला आलं तर अमेरिकेचं दार तिच्यासाठी कायमचं बंद होऊ शकतं. चार दिवसांच्या फिरवाफिरवीवर मुलीचं आयुष्य लावायला मी तयार नव्हतो आणि हे त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तात्यांचे डोळे भरले. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.

मावशींनी रुमाल सोडला.

आत ठेवीच्या पावत्या होत्या, घडी पडून मऊ झालेल्या. 40 हजार, 60 हजार, 1 लाख, 75 हजार. सगळ्या जिल्हा बँकेच्या, सगळ्या त्यांच्या एकटीच्या नावावर. "दुधाच्या बिलातनं. दर धा दिसाला येतं तेच्यातलं," एवढंच म्हणाल्या. तीन म्हशी, पंधरा वर्षं. एकेक पावती मशीनवर मांडली. 11 लाख 40 हजार. तात्या पावत्यांकडे नव्हे, बायकोकडे बघत राहिले.

बँकेतून शिल्लक दाखले आणायला दुपारचे दोन वाजले. दोघांचा हमीपत्राचा मसुदा, डॉलरमधला हिशेब, माझा दाखला. सव्वाचारला यूडीआयएन काढला, सही-शिक्का केला आणि स्कॅन पाठवला. तिकडं पहाटेचे पावणेसहा. लेकीचा फोन लगेच आला, ती जागीच होती.

आईनं फोन घेतला. "मग दिवाळीला येशील न्हवं?"

लेकीनं उत्तर न देता फोन मला द्यायला सांगितला. अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर स्टेटस बदलाची मागणी सोडून दिली असं धरतात. वेळेत दाखल झाला की निकाल येईपर्यंत थांबता येतं, पण त्याला महिनेही लागतात. मावशींना हे मलाच सांगावं लागलं.

त्यांनी रुमालाची घडी घातली, रिकामाच कनवटीला खोचला. "निकाल लागल्यावर?"

"तेव्हाही एकदा गेली की परत जाताना इथल्या कॉन्सुलेटातून एफ-1चा व्हिसा घ्यावा लागेल, मावशी."

"घील की मग," त्या म्हणाल्या आणि तात्यांना एसटीची वेळ विचारली.