शिबिराआधीची डागडुजी

ख्रिस्ती युवा शिबिराची मुलं येण्याआधी आज आम्ही निवृत्त जोडप्यांनी आवारातली दुरुस्ती काढली. माझ्या ह्यांच्याकडे दुमजली खाटांचं काम होतं. प्रत्येक खाट गदागदा हलवून बघायची, बोल्ट आवळायचे, वरच्या कठड्यावर सगळा भार टाकून पाहायचा. झोपेत कूस बदलणारं पोर त्याच कठड्याच्या भरवशावर असतं.

मी प्रार्थनागृहातली बाकं घेतली. आधी हाताने चाचपून कुसळं शोधायची, मग पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवायचा. आडवा फिरवला की ओरखडे उठतात आणि वॉर्निश लावल्यावर ते जास्तच उठून दिसतात. गळके नळ एका काकूंनी उघडले, वायसर बदलले. काका शेजारी बसून पाना देत होते. किती छान जोडी!

या वयात आता आराम करा, असं सगळे सांगतात. मला नाही पटत. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (4:10) मिळालेलं कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, एकमेकांच्या सेवेसाठी वापरायला सांगितलंय, तिथे वयाची अट नाही. शिवाय मजुरी वाचली की शिबिराची फी आवाक्यात राहते.

पन्हळी साफ करायच्या राहिल्यात. उद्या शिडी धरायला कोण येतंय?