मुंब्रा बायपासचा उतार

वागळे इस्टेटमधल्या ज्या कंपनीत मी स्टोअर्स सांभाळायचो ती बंद पडली तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांचा होतो. त्या वयात नोकरी मिळत नाही असं नाही. मिळते, पण सिक्युरिटीची, नाहीतर गोडाऊनमध्ये बारा तास उभं राहून खोक्यांवर बारकोड मारायची. ओळखीतला एक ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, "ड्रायव्हर मिळेनात. हेवी लायसन काढा, मी ठेवून घेतो." बायकोला वाटलं मी थट्टा करतोय. मुलगा काही बोललाच नाही, त्याचं जास्त लागलं.

लायसनचं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं हवं, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म पाच हवा आणि डॉक्टरचा फॉर्म वन-ए. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली. लायसन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं. डॉक्टरांनी डोळे तपासताना वर बघून विचारलं, "कशासाठी हवंय?" ट्रेलर म्हटल्यावर त्यांनी माझ्या चष्म्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. चष्म्यासकट पास झालो.

लायसन हातात आलं म्हणून कुणी चाळीस टनांची गाडी देत नाही. आधी उस्तादाच्या शेजारी बसायचं. माझा उस्ताद बीडकडचा, वयानं माझ्या पुतण्याएवढा. तो मला काका म्हणायचा आणि मी त्याला उस्ताद. सुरुवातीला मी अहो-जाहो करायला गेलो तर तोच लाजला, म्हणाला, "काका, तुम्ही असं बोललात तर मला शिव्या कशा देता येतील?" शिव्या त्यानं क्वचितच दिल्या. बहुतेक वेळा नुसता डॅशबोर्डवर हात आपटायचा.

आमची लाईन न्हावा शेवा ते भिवंडी. बंदरातून इम्पोर्टचा कंटेनर उचलायचा, करळ फाटा, गव्हाण फाटा, कळंबोली, तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, मानकोली आणि मग भिवंडीच्या गोडाऊनांच्या जंगलात शिरायचं. नकाशावर पाहिलं तर अर्ध्या दिवसाचं काम. प्रत्यक्षात गाडी चालते थोडी आणि थांबते फार. गेटवर थांबा, क्रेनसाठी थांबा, ठाण्यात अवजड गाड्यांना बंदीची वेळ लागली की रस्त्याच्या कडेला थांबा, गोडाऊनवर खाली करायला माणसं नाहीत म्हणून थांबा. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा तेव्हा सांगायचा की ड्रायव्हरला दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. हे मी लाईनमधल्या ड्रायव्हरांना सांगितलं तेव्हा चहा सांडेपर्यंत हसले. मी स्वतः वीसेक वर्षं गेटवर ड्रायव्हरांना ताटकळत ठेवलेलं आहे, चलनावरचा एक आकडा जुळत नाही म्हणून. तो आकडा जुळायलाच हवा असं माझं अजूनही मत आहे. फक्त बाहेर संडास असावा, एवढं तेव्हा सुचलं नव्हतं.

आमचं एकच भांडण कायम चालायचं, न्यूट्रलवरून. उतार लागला की पुष्कळ ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करतात. ट्रिपचं डिझेल ठरलेलं असतं, वाचलं तर ड्रायव्हरचं. उस्ताद न्यूट्रलच्या सक्त विरोधात होता, पण कारण विचारलं की म्हणायचा, "आमच्या उस्तादानं कानाखाली दिली होती म्हणून." मला स्टोअर्समधली वाचायची खोड. रात्री लाईनमध्ये गाडीचं मॅन्युअल काढून बसलो. नव्या इंजिनांत गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल टाकायचंच बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलवर डिझेल पीत राहतं. म्हणजे न्यूट्रल करणारा डिझेल वाचवत नाही, उलट जाळतो. हे उस्तादाला सांगितलं तर तो माझ्याच बाजूचा असूनही मानायला तयार नाही. "पुस्तकात काय बी लिहितात."

जुलैतला तो दिवस. पहाटे बंदरातून चाळीस फुटी कंटेनर उचलला, आत कागदाचे मोठे रोल. कंटेनर, माल, ट्रेलर, घोडा म्हणजे पुढचा ओढणारा ट्रक, सगळं धरून चाळीस टनांच्या वर. शिळफाट्यापर्यंत उस्तादानं चालवली, तिथं म्हणाला, "घ्या काका." पाऊस दणकून पडत होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, आमची गाडी त्याच्या बरीच आधीची. काच बंद केली की धुकं धरायचं, उघडली की मांडीवर पाणी. मी एका हातानं फडकं फिरवत होतो.

बायपासवर डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, पावसाळ्यात जागोजागी धबधबे. उजव्या हाताला खाली मुंब्र्याच्या इमारतींच्या गच्च्या, त्यापलीकडे रेल्वे आणि खाडी. चढ संपून उतार लागला तसा मी तिसरा टाकला आणि एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं. हा ब्रेक सायलेन्सरच्या वाटेवरची झडप बंद करतो, धूर कोंडतो आणि इंजिनच गाडीला मागं ओढतं. पायाच्या ब्रेकला हात लावायची वेळ येत नाही. पाय लावायची म्हणायचं होतं, पण ड्रायव्हर असंच बोलतात.

आमच्या पुढं कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, भरलेला एक ट्रेलर होता, बहुधा कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून निघालेला. उस्ताद एकदम पुढं झुकला. "काका, त्याचा लाल दिवा बघा. विझतोय का?"

विझत नव्हता. म्हणजे त्याचा पाय ब्रेकवरच होता. आणि तरीही आमच्यातलं अंतर वाढत होतं.

मग वास आला. ब्रेकचा लायनर जळल्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही, उग्र, रबर आणि केस दोन्ही जळाल्यासारखा. मागच्या चाकांतून पांढरा धूर निघायला लागला. ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतो, तापून फुगतो, लायनरची पकड जाते. वर पंपिंग केलं तर टाकीतली हवाही संपते. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. त्या क्षणी माझा पाय आपोआप आमच्याही ब्रेककडे गेला. डॅशबोर्डवर धाडकन हात आपटला. "राहू द्या पाय! गियरवर येऊ द्या. त्याला जाऊ द्या पुढं."

पुढच्यानं हॉर्न धरला तो सोडलाच नाही. मोटारी, रिक्षा डावीकडे पांगल्या. एक बाईकवाला कठड्याला चिकटून उभा राहिला. मग त्या ड्रायव्हरनं जे केलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. त्यानं उजवीकडची चाकं सरळ दुभाजकाला लावली आणि घासत नेली. टायरचे तुकडे उडत होते, काँक्रीटचा भुगा उडत होता. बऱ्याच अंतरावर, जिथं उतार जरा सपाट होतो, तिथं गाडी तिरकी होऊन थांबली.

मी आमची गाडी लांबच लावली. उस्ताद उडी मारून दगड गोळा करत धावला. मी मागं वरच्या बाजूला जाऊन रस्त्यात दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवल्या, हातात आमचं लाल फडकं. मग खाली आलो. त्याच्या चाकांवर पडणारे पावसाचे थेंब तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे चर्र करत होते. कॉइलची एक साखळी तुटली होती. खालच्या लाकडी पाचरी चिरडून कॉइल वीतभर पुढं सरकली होती. कॉइल पुढं येते तेव्हा केबिनसकट येते, हे स्टीलच्या लाईनवरचा कुणीही सांगेल.

ड्रायव्हर खाली उतरेना. जौनपूरकडचा पोरगा, मिसरूड नीट फुटलेलं नाही. दोन्ही पाय ब्रेकवर रोवून बसला होता. "भैया, पकड नहीं रहा था," एवढंच पुन्हा पुन्हा. चाकांना दगड लावलेत हे उस्तादानं त्याला तीन वेळा सांगितलं. शेवटी मी केबिनमध्ये चढलो, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पाय उचलला. गाडी जागची हलली नाही. तेव्हा कुठं तो रडला.

तेवढ्यात कारवाला एक गृहस्थ छत्री घेऊन तावातावानं आला, आरसा तुटला म्हणून. पोराची कॉलर धरणार तोच उस्ताद मध्ये उभा राहिला. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी संप केला होता, अपघात करून न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या तरतुदीवरून. तेव्हा मी नोकरीत होतो आणि पेट्रोल पंपावरच्या रांगेत उभा राहून ड्रायव्हरांना नावं ठेवत होतो. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. ड्रायव्हर का पळतो, हे त्या कारवाल्याच्या हाताकडे बघून मला कळलं. हा पोरगा पळाला नव्हता, तरी.

ट्रॅफिकचे हवालदार आले आणि आल्या आल्या म्हणाले, ओव्हरलोड. मी पोराची फाईल मागून घेतली. काटा पावती, बिल, ई-वे बिल, गाडीचं पासिंग, सगळं लावून दाखवलं. वजन पासिंगच्या आत होतं. इथं मात्र मी माझ्या जागेवर होतो, आयुष्यभर हेच केलंय. हवालदारांनी कागद उलटसुलट केले, मान हलवली आणि हायड्रा क्रेन मागवायला गेले. नंतर उस्तादानं पोराला बाजूला घेऊन हळूच विचारलं, न्यूट्रल होती ना? पोरानं खाली बघितलं. मालकाचं नाव, लायनर शेवटचे कधी बदलले, हे विचारल्यावरही त्यानं खालीच बघितलं.

निघताना मी केबिनमध्ये चढत होतो तर उस्तादानं हाक मारली. हायड्राचे लाल दिवे आणि पोलिसांचे कोन लागल्यावर मी वर ठेवलेल्या दगडांचं काय? ते एकूण एक उचलायला लावले. "रात्री यावर बाईकवाला मरतो काका. गाडी निघून जाते, दगड राहतात."

भिवंडीला पोचेपर्यंत आमचा नंबर गेला होता. गेटवरचा माणूस म्हणाला, संध्याकाळी बघू. सेठचा फोन आला, इतका वेळ कुठं होतात. उस्तादानं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग, "आपल्या गाडीला काही झालं नाही ना? बरं. खाली झाला की आजच एम्प्टी यार्डला लावा, उद्यापासून कंटेनरचं भाडं चढेल."

खाली व्हायला रात्रीचे दहा वाजले. रिकामा कंटेनर घेऊन निघालो तेव्हा मीच स्टिअरिंगवर बसलो. खारेगाव सोडलं तसा उस्ताद मागच्या बर्थवर आडवा झाला. मी चालवत असताना तो आजवर कधी झोपला नव्हता, डोळे मिटून पडायचा आणि गियर चुकला की बरोबर बोलायचा. त्या रात्री बायपास चढलो, शिळच्या बाजूला उतरलो, तळोजा गेलं, तो घोरत होता.

यार्डच्या गेटवर हलवून उठवला. डोळे चोळत पहिला प्रश्न, "डिझेल किती राहिलंय?"

काटा दाखवला. बराच वेळ बघत बसला.

"पुस्तकात काय लिहिलंय म्हणालात?"