तुतारीने फिटनेस परिषदेला: रत्नागिरी ते गोरेगाव आणि परत

रत्नागिरीहून मुंबईच्या फिटनेस परिषदेला जायचं तर आम्ही जिमवाले तुतारी एक्सप्रेस धरतो. रात्री कुवारबावच्या रत्नागिरी स्टेशनावर चढायचं, सकाळी दादरला उतरायचं. लॉजचं एका रात्रीचं भाडं वाचतं. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. शिमगा, मे महिना किंवा गणपतीच्या आसपासची तारीख असली तर खिडकी उघडते त्याच सकाळी तिकीट काढावं, नंतर चाकरमान्यांच्या गर्दीत वेटिंगच हाती येतं. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या वेग कमी करून धावतात आणि दरड आली की खोळंबतात. त्या महिन्यांत एक दिवस आधी निघालेलं बरं.

बॅगेत सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे वही, आणि तिच्या पहिल्या पानावर आपल्याच जिममधून आलेले तीन प्रश्न. ते मनाने रचू नयेत, मेंबरांच्या हजेरीच्या रजिस्टरमधून आणि दुरुस्तीच्या बिलांतून काढावेत. किनाऱ्यावरच्या बहुतेक जिमचे प्रश्न सारखेच निघतात. खाऱ्या हवेत उपकरणं गंजतात. मुलं मुंबईला आणि घरी साठीपुढचे आई-वडील, त्यांना काय व्यायाम द्यायचा? भातलावणीच्या दिवसांत हजेरी गळते, ती कशी सावरायची? परिषदेचं वेळापत्रक हातात आलं की प्रत्येक सत्रापुढे यातल्या प्रश्नाचा क्रमांक लिहावा. ज्या सत्रापुढे क्रमांक बसत नाही ते सोडून द्यावं, वक्ता कितीही नावाजलेला असो. मोठ्या नावामागे सभागृह बदलत फिरणारा ट्रेनर संध्याकाळी फोटो घेऊन घरी जातो आणि सोमवारी जुनाच वर्कआउट लावतो. हे फार वाईट वाटतं, कारण त्याने नोंदणी आणि प्रवासासाठी दोन-तीन मेंबरांची वर्षाची फी खर्च केलेली असते.

गोरेगावच्या नेस्को संकुलात कार्यक्रम असला तर दादरहून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल पकडून राम मंदिर स्टेशनला उतरावं. फास्ट तिथे थांबत नाही. बाहेर पडायचं पूर्वेला.

परिषदेतल्या उपकरणांच्या प्रदर्शनाच्या दालनात पहिल्या दिवशी दार उघडताच शिरावं. तेव्हा स्टॉलवर कंपनीचे तांत्रिक लोक मोकळे असतात. दुपारनंतर संगीत, स्पर्धा आणि सेल्फी सुरू झाल्या की बोलणं ऐकू येत नाही. शेवटच्या दिवशी भाव खाली येतात हे खरं, पण तोवर उत्तरं देणारा माणूस निघून गेलेला असतो. प्रश्न पहिल्या दिवशी, भाव शेवटच्या.

केबल मशीनपुढे उभं राहिलं की आधी वजनं ज्यांवरून सरकतात त्या दांड्या पाहाव्यात. क्रोमचा मुलामा असेल तर समुद्राजवळ तो सूक्ष्म छिद्रांतून आतून फुगतो, मग वजन अडकत खाली येतं. स्टेनलेस स्टील असेल तर ३०४ प्रतीचं की ३१६, हे विचारावं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे क्षाराला ते जास्त टिकतं, किंमतही जास्त. मग बोल्टची भोकं. पावडर कोटिंग झाल्यावर भोक पाडलं असेल तर कडेला उघडं लोखंड दिसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. केबलच्या टोकाशी, जिथे ती धातूच्या टोपणात दाबून बसवलेली असते, तिथलं प्लॅस्टिकचं आवरण वाकवून बघावं. त्याला चीर पडली की ओलावा आत राहतो आणि तारा आतून तुटत जातात, बाहेरून काही कळत नाही. गंज पारखणारी सॉल्ट स्प्रे चाचणी किती तासांची, हा प्रश्न विचारला की विक्रेता आपल्याशी वेगळ्या पद्धतीने बोलू लागतो. ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा मारून ही चाचणी घेतात. तासांचं वर्षांत रूपांतर होत नाही, पण दोन कंपन्यांची तुलना करता येते. बारबेलमध्ये ब्लॅक ऑक्साइडचा काळा थर दिलेली दिसायला सुरेख असते, पण आपल्याकडे ती लवकर गंजते.

ट्रेडमिल घेणाऱ्याने कंट्रोल बोर्डावर ओलाव्यापासून वाचवणारा लेप आहे का, १६ अँपिअरची वेगळी लाइन लागेल का आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं तर कोणता स्टॅबिलायझर हे विचारावं. शेवटी सर्व्हिसचं. "ऑल इंडिया सर्व्हिस" या उत्तरावर थांबू नये. इंजिनिअर कोल्हापूरहून आंबा घाटाने येणार की पुण्याहून, किती दिवसांत, येण्याचे पैसे कोण देणार, हे कोटेशनवर लिहून घ्यावं. जीएसटी, भाडं, गाडीतून उतरवण्याची हमाली आणि जोडणी हे आकडे वेगवेगळे मागावेत. प्रदर्शनातला 'शो प्राइस' बहुधा यांच्याशिवायचा असतो.

आता सत्रं. वक्ता संशोधनाचा दाखला देतो तेव्हा तीनच गोष्टी टिपाव्यात: किती जणांवर, किती आठवडे, कोणत्या वयाचे. पंचविशीतल्या कॉलेज विद्यार्थ्यांवरचा निष्कर्ष रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या पासष्टीच्या काकूंना जसाच्या तसा लागू होत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक स्लाइडचा फोटो काढण्यापेक्षा वहीत एक ओळ लिहावी: हे मी कोणावर, कधी, कसं करून बघणार.

उदाहरण घ्या. ज्येष्ठांच्या सत्रात सार्कोपेनियाचे, म्हणजे वयासोबत स्नायू आणि ताकद झिजण्याचे, आशियाई कार्यगटाचे २०१९ चे निकष हमखास येतात. पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी, किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त, तर पुढे तपासणी हवी. पकड मोजायचं यंत्र नसलं तरी खुर्ची आहेच. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात सुरू करता येतं. बैठकीची उंची सुमारे ४३ सेंटिमीटर, खुर्ची भिंतीला टेकवलेली, हात छातीवर घडी घालून. पाचव्यांदा पूर्ण उभं राहिलं की घड्याळ बंद. चूक नेहमी इथेच होते: एक ट्रेनर उभं राहिल्यावर थांबवतो, दुसरा बसल्यावर, आणि आकडे जुळत नाहीत. प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत लादीवर सरकते, ती टाळावी. चक्कर, रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचं ऑपरेशन हे आधी विचारावं. मग आठवड्यातून दोनदा ८ ते १० वेळा उठ-बस, तीन फेऱ्या, जमत नसेल तर बैठकीवर घडी घातलेली मॅट, आणि जमू लागलं की मॅट काढायची. सहाव्या आठवड्यात त्याच खुर्चीवर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजणी.

भेटलेल्या माणसांचंही असंच. व्हिजिटिंग कार्डामागे तिथल्या तिथे तीन शब्द: कुठे भेटलो, काय बोललो, कोणी काय द्यायचं ठरलं. परतीच्या गाडीत रेंज पनवेलनंतर बोगद्यांमुळे सारखी तुटते, म्हणून निरोप पनवेल यायच्या आत पाठवावेत आणि पुढचा प्रवास वही साफ करण्यात घालवावा. डोळे मिटण्याआधी तीन प्रश्नांखाली एकेक कृती, करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिलेली असावी. जे इथे लिहिलं जात नाही ते घरी पोचल्यावर सहसा होत नाही, कारण सकाळी सहाच्या बॅचला आपणच हवे असतो.

सहा आठवड्यांनी वक्त्याला ईमेल करावा: इतक्या जणांची मोजणी, आधीचे आणि नंतरचे सेकंद, एक नेमका प्रश्न. मेंबरांची नावं त्यात नसावीत. "तुमचं भाषण आवडलं" या निरोपाला अंगठा मिळतो. अशा तक्त्याला बहुधा उत्तर येतं, आणि पुढे अवघड मेंबर आला तर विचारायला एक माणूस जोडला जातो.

राहिला ट्रेनरच्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा भाग. एसीई आणि एनएएसएम या ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थांना दर २ वर्षांनी २० तासांच्या बरोबरीचं शिक्षण लागतं, तशाच एसीएसएम या संस्थेच्या ट्रेनरला ३ वर्षांत ४५ क्रेडिट. परिषद आपल्या संस्थेने मान्य केलेली आहे का हे नोंदणीआधी बघावं. नसेल तर स्वतंत्र अर्ज आणि शुल्क लागू शकतं, आणि त्यासाठी नाव, तारीख, विषय, वक्ता व तास लिहिलेलं हजेरीपत्र जोडावं लागतं. ते सभागृह सोडण्याआधी नोंदणीच्या टेबलावरून शिक्क्यासह घ्यावं.