तीन आठवड्यांची सुट्टी

जर्मन लेखक एरिख मारिया रेमार्कची १९५४ साली आलेली 'अ टाइम टु लव्ह अँड अ टाइम टु डाय' ही कादंबरी मी पुन्हा वाचली. दुसऱ्या महायुद्धात रशियन आघाडीवरचा जर्मन शिपाई अर्न्स्ट ग्रेबर दोन वर्षांनी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर गावी येतो. बॉम्बनं घर पडलंय, आईवडिलांचा पत्ता नाही. त्यांना शोधता शोधता आईच्या डॉक्टरांची मुलगी एलिझाबेथ भेटते, आणि सुट्टी संपायच्या आत दोघं लग्न करतात.

आम्हा साताऱ्याकडच्या फौजींच्या बायकांना ही गोष्ट फार जवळची वाटेल. सुट्टीतलं प्रेम निवांत कधीच नसतं. बँकेतली कामं, सासूबाईंचे डोळे, शेताचा बांध, हे सगळं उरकून जे उरतं ते आपलं. १९९९ च्या मे महिन्यात कारगिलचं सुरू झालं आणि यांना सुट्टी अर्धी टाकून जावं लागलं. कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. ते वाटून चीक मी एकटीनंच गाळला, कारण भिजलेले गहू कुणासाठी थांबत नाहीत.

रेमार्कला हे नेमकं कळलं होतं. त्याच्या कादंबरीत प्रेमाला आडोसा मिळतो तो रेशनच्या कुपनांच्या, परवान्यांच्या, उसन्या युनिफॉर्मच्या आधारानं. ग्रेबर लग्नाचा विषय काढतो तेव्हासुद्धा सैनिकाच्या बायकोला सरकारकडून पैसे मिळतात हा मुद्दा पुढे करतो. मला हे रुक्ष वाटत नाही. उद्या आपण नसू आणि ही एकटी असेल, याचा विचार करणाऱ्या माणसाची ती भाषा आहे. त्यांच्या ताटात येतं तेही शुद्ध नाही. खाणंपिणं पुरवतो ग्रेबरचा शाळासोबती बिंडिंग, नाझी पक्षाचा स्थानिक पुढारी. ग्रेबर ते घेतो, आणि ते कुणाकडून घेतोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

एलिझाबेथचे वडील छळछावणीत आहेत. युद्ध जिंकता येणार नाही असं बोलल्याची चुगली कुणीतरी केलेली असते. एक दिवस तिच्या नावानं गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, बोलावणं येतं. ग्रेबर तिला न कळवता स्वतः जातो. तिथला माणूस त्याच्या हातात सिगारची पेटी ठेवतो. आत डॉक्टरांची राख. पोच म्हणून सही करायची आणि निघायचं. ग्रेबर ती पेटी घरी नेत नाही, स्वतःच पुरून टाकतो. या प्रसंगाशी मी दर वेळी थांबते. तिच्या राहिलेल्या चार दिवसांवर सावली पडू नये म्हणून तो गप्प बसतो, पण बापाच्या राखेवर पहिला हक्क मुलीचा. मी तिच्या जागी असते तर मला ते कळायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

हा प्रसंग लिहिताना रेमार्कच्या मनात काय चाललं असेल? त्याची धाकटी बहीण एल्फ्रीड शोल्झ शिवणकाम करायची. युद्ध हरल्यात जमा आहे असं बोलल्याबद्दल तिला पकडलं आणि डिसेंबर १९४३ मध्ये बर्लिनमध्ये तिचा शिरच्छेद केला. रेमार्क तोवर जर्मनी सोडून गेला होता. भाऊ आमच्या हातून निसटला, तू निसटणार नाहीस, असं न्यायाधीश फ्राइसलर तिला भर कोर्टात म्हणाला होता. वर या शिक्षेच्या खर्चाचं बिल दुसऱ्या बहिणीला पाठवलं. राखेची पोच मागणारा कारकून रेमार्कला कल्पनेतून आणावा लागला नसणार.

म्हणूनच या कादंबरीतलं प्रेम मला पळवाट वाटत नाही. एलिझाबेथच्या सहवासात ग्रेबर युद्ध विसरत नाही, उलट आपण कशात सामील आहोत हे त्याला जास्त स्पष्ट दिसायला लागतं. जुन्या शिक्षकांना, पोहलमनना, तो जाऊन विचारतो की या पापात माझा वाटा किती. आघाडीवर परतल्यावर रशियन कैद्यांना मारायला निघालेल्या आपल्याच सोबत्यावर तो गोळी झाडतो आणि कैद्यांना सोडून देतो. त्यांच्यातलाच एक जण त्याला मारतो.

एलिझाबेथला मूल हवं असतं. असल्या जगात मूल कशाला, असं ग्रेबरचं म्हणणं. आमच्या घरीही कारगिलनंतर हाच वाद झाला होता, आणि मी एलिझाबेथच्या बाजूनं होते. धाकटी पुढच्याच वर्षी झाली.