आमची वाटचाल : लादीपासून लाकडी फ्लोअरपर्यंत

मी बॅले शिकवते म्हटलं की आमच्या गोव्यातल्या फोंड्यात साठीच्या पुढची माणसं हमखास विचारतात, म्हणजे नृत्यनाटिका ना गो? त्यांचं काही चुकत नाही. १९५२ ची लिटिल बॅले ट्रूप आणि १९५३ चं सचिन शंकर बॅले युनिट या नृत्यसंस्थांच्या नावातच हा शब्द होता, दोन्ही मुंबईत सुरू झालेल्या आणि नृत्य आपल्याच मातीतलं. आमचा बॅले वेगळा, १६६१ मध्ये चौदाव्या लुईने पॅरिसला डान्सची अकादमी काढली त्या परंपरेतला, म्हणून स्टेपची नावं अजून फ्रेंच, प्लिए (गुडघे वाकवणं, सगळ्यात पहिला धडा), तांद्यू, अॅराबेस्क, आणि आमच्या बांदोड्याच्या, शिरोड्याच्या मुली ती नावं पाढ्यांसारखी घडाघडा म्हणतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

मी मूळची भरतनाट्यमची. नोकरीसाठी मुंबईला गेले, तिथे बॅलेच्या क्लासला बसले आणि नऊ वर्षं त्यातून उठलेच नाही. २०१० मध्ये परत आले, संध्याकाळी दोन तासांसाठी एक हॉल भाड्याने घेतला, सात मुली आल्या. खाली साधी लादी. तिथेच माझी चूक झाली. भरतनाट्यममध्ये आपण जमिनीवर तळवा मारतो पण अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसलेलं असताना, वजन खाली धरलेलं असतं. बॅलेत जमीन ढकलून वर जायचं आणि परत खाली यायचं, एका क्लासमध्ये शंभरेक उड्या सहज होतात, आणि प्रत्येक उडीचा दणका लादी जसाच्या तसा पायात परत पाठवते. तिसऱ्या महिन्यात दोन मुलींच्या नडग्या दुखायला लागल्या, एकीला डॉक्टरांनी सहा आठवडे उड्या मारू नको म्हणून सांगितलं. तिच्या आईसमोर उभी होते तेव्हा माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून लादीवर उड्या बंद, आणि ठरवलं की पहिले पैसे येतील ते जमिनीत घालायचे.

दीड वर्ष लागलं. थोडं कर्ज, आईच्या दोन पाटल्या, आणि कुर्टीला एक रिकामं गोदाम मिळालं. आमचे सुतार मेस्तमामा जत्रेतल्या नाटकांची स्टेजं उभारून म्हातारे झालेले, त्यांना मी फोटो दाखवले की खाली रबराचे तुकडे, त्यावर लाकडाच्या रीपा उभ्या-आडव्या, त्यावर प्लायचे दोन थर सांधे एकावर एक येऊ न देता, आणि सगळ्यात वर व्हिनाईलची शीट, जे घसरत पण नाही आणि पाय धरून पण ठेवत नाही. मामा बघून म्हणाले, म्हणजे चटईसारखं विणायचं. बरोबर तेच. पण भिंतीपाशी चारी बाजूंनी अर्धा इंच फट सोडायची हे मला माहीत नव्हतं, ते त्यांनी सांगितलं, म्हणाले बाय, मिरगाला लाकूड फुगतं, त्याला जायला जागा दे नाहीतर मधेच उठून बसेल. चौदा पावसाळे झाले, एकदाही उठलं नाही.

पावसाचं अजून सांगायलाच हवं, कारण बाहेरच्या पुस्तकात हे कुठे सापडत नाही. पॉइंट शूजचं, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहायच्या बुटांचं, टोक लाकडाचं असतं असं लोकांना वाटतं, तसं नसतं, कापड आणि कागदाचे थर पेस्टने चिकटवून कडक केलेले असतात आणि जुन्या पद्धतीची पेस्ट म्हणजे जवळजवळ आपली खळच. आता खळ आणि गोव्यातला जुलै, काय होणार? मुलीच्या पायाच्या घामानेच बूट मऊ पडतो, वर ही हवा, तबला उतरतो तशी बुटाची ताकद उतरते आणि मऊ बुटावर उभं राहणं म्हणजे अंगठा आणि घोटा दोन्ही धोक्यात. आम्ही लाकडी कपाट केलं, आत छोटा बल्ब आणि सिलिका जेलच्या पुड्या, प्रत्येकीने दोन जोड आलटून पालटून वापरायचे. एका जोडाला काही हजार पडतात, त्यामुळे हे कपाट म्हणजे आमची तिजोरी आहे असं समजा.

आणि याच शूजवरून आमच्याकडची सगळ्यात जास्त ॲडमिशन गेली. पालकांना फोटो हवा असतो, आठ वर्षांची मुलगी बोटांवर उभी असलेला. मी त्या वयात शूज देत नाही. पायाची हाडं अजून वाढत असतात, घोटा आणि पोट-कंबरेचे स्नायू तयार व्हायला तीन-चार वर्षांचं नियमित ट्रेनिंग लागतं, म्हणून साधारण अकरा-बाराच्या आधी नाही आणि त्यानंतरही प्रत्येकीला नाही. एका वर्षी सहा मुली एकदम सोडून गेल्या, दुसरीकडे लगेच शूज देत होते. भाडं थकलं होतं, नवरा म्हणाला थोडं ॲडजस्ट कर, मी रात्रभर विचार केला आणि नाहीच केलं. त्यातली एक दोन वर्षांनी परत आली, परत प्लिएपासून सुरुवात केली, आज ती आमच्या नृत्याच्या कंपनीत नाचते.

मुलगे फुटबॉलमुळे आले. एका कोचने बॅलन्ससाठी तिघांना पाठवलं, दोघं राहिले. संगीताच्या बाबतीत तर गोव्यात असल्याचा केवढा फायदा आहे, इथल्या कितीतरी घरात व्हायोलिन नाहीतर पियानो शिकणारं कोणीतरी असतं, वॉल्ट्झचा तीनाचा ठेका समजावत बसावं लागत नाही. आमच्या क्लासला मडगावहून एक बाई येतात, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या, त्या मुलींची उडी बघून लय किंचित लांबवतात, ते रेकॉर्डिंगला कसं जमणार.

कंपनी २०१६ मध्ये काढली, बारा जण, सगळे नोकरीवाले, एक बँकेत, एक कुंडईच्या फॅक्टरीत, सात वाजता येऊन बार, म्हणजे सरावाचा आडवा दांडा, धरतात. खरं सांगायचं तर कंपनी अजून स्कूलच्या फीवर उभी आहे, शोच्या तिकिटांतून हॉलभाडं, लाइट आणि कॉस्च्युम एवढंच निघतं. पहिला मोठा शो नटक्रॅकर, चायकोव्हस्कीचा, १८९२ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झालेला. नाताळची गोष्ट, मग गोव्याइतकी जागा कुठली? दुसऱ्या अंकात मिठाईच्या राज्यात चॉकलेट, कॉफी, चहा असे नाच आहेत, आम्ही संगीताला हात लावला नाही पण राज्यात आपली गोव्याची मिठाई, थराथरांची बेबिंका, दोदोल, नेवरी आणि जत्रेतलं खाजं आणलं. बेबिंकाच्या स्कर्टला सात थर, वरून खाली रंग गडद होत जाणारे, माझ्या जावेने शिवले. पडदा उघडल्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने बेबिंका! म्हणून ओरडलं आणि विंगमध्ये आम्ही रडत होतो.

तो शो फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात केला, पुढे मडगावच्या रवींद्र भवनात. एका हॉलमध्ये स्टेजवर जुन्या सेटचा खिळा वर आलेला निघाला, तेव्हापासून व्हिनाईलचे रोल आमचे आम्ही टेम्पोत घालून नेतो आणि अंथरण्याआधी दोघं जण हाताने पूर्ण स्टेज चाचपतात.

२०२० मध्ये सगळं बंद झालं. झूमवर मुली खिडकीचा कठडा धरून प्लिए करायच्या, खाली घरची लादी, म्हणून दीड वर्ष मी कोणाला एकही उडी मारू दिली नाही. परत आल्या त्या दिवशी फक्त उड्याच घेतल्या, छोट्या छोट्या, सगळा क्लास संपेपर्यंत.

आता म्हापशाला दुसरा हॉल घेतलाय. मेस्तमामा गेले, काम त्यांचा मुलगा करतोय, परवा बघायला गेले तर रीपा टाकून झालेल्या आणि भिंतीपाशी खडूने अर्ध्या इंचाची रेघ मारलेली. प्लाय पुढच्या आठवड्यात येईल, मिरगाच्या आत व्हिनाईल पडायला पाहिजे.