तक्त्यातला 'ले'

मी पाचवीत आलो १९७६ साली, आणि त्याच वर्षी इंग्रजीही आमच्या घरात आलं. तेव्हा मराठी शाळांत ते पाचवीपासूनच सुरू व्हायचं. घरात कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे माझं इंग्रजी हे सर्वस्वी स्पेलिंगवरून केलेलं इंग्रजी होतं. सहावीत धड्यात चाकू आला आणि मी उभा राहून खणखणीत आवाजात वाचलं, 'क्नाइफ'.

वर्ग असा हसला की शेजारच्या 'ब' तुकडीतले सर दारात येऊन डोकावून गेले.

बाई हसल्या नाहीत. आम्ही त्यांना आपसात 'चालवाबाई' म्हणायचो, कारण त्या दिसेल त्या शब्दाचं व्याकरण चालवायला लावायच्या. मराठी त्यांचा विषय, पण इंग्रजीचे सर लांब रजेवर गेले की तो तासही त्यांच्याकडेच यायचा. त्या मला म्हणाल्या, "तुझं चुकलं नाही रे. तुला यायला उशीर झाला. चारशे वर्षं आधी इंग्लंडात असंच वाचलं असतंस, तर कुणी मान वर करून बघितलं नसतं."

मग बाकीचा तास धडा राहिला बाजूला. त्या शब्दातला 'क' एके काळी खरंच तोंडाने म्हणत, हे आम्हाला तेव्हा कळलं. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात पहिला छापखाना काढला, हळूहळू स्पेलिंगं ठरत गेली, आणि बोलणारे मात्र पुढे चालत राहिले. बाई म्हणाल्या, "आजोबांचा लग्नातला फोटो भिंतीवर असतो ना, तसं स्पेलिंग असतं. फोटोत बत्तिशी शाबूत, आणि खाली खाटेवर आजोबा बोळक्याने पापड चघळतायत." तो 'क' म्हणजे पडलेला दात. स्वरांचंही तेच. चौदाव्या शतकातला इंग्रज आजच्या 'नेम'ला जवळजवळ 'नाम' म्हणायचा. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत त्यांचे दीर्घ स्वर एकामागून एक जागा सोडून सरकले, आणि 'नाम'चं 'नेम' झालं. फळ्यावर 'नाम' लिहून त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हा शब्द कुठे पाहिलाय का?" पाहिला होता, व्याकरणाच्या पुस्तकात, पहिल्याच पानावर. नाम, सर्वनाम, विशेषण.

तिथून त्यांनी जोड्या लावून दाखवल्या. पितृ आणि फादर, पाद आणि फुट, त्रि आणि थ्री, दंत आणि टूथ, दश आणि टेन. आपल्या 'प'चा तिकडे 'फ', 'द'चा 'ट', आणि हे एका शब्दापुरतं नाही, ओळीने. कलकत्त्यात १७८६ साली विल्यम जोन्सने भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात असं म्हटलं होतं, आणि १८२२ मध्ये जर्मनीत याकोब ग्रिमने या बदलांचा नियम मांडला. ही सनं मी नंतर पुस्तकांतून घेतली. तेव्हा एवढंच कळलं होतं की, ज्या विषयाची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची, तो लांबचा का होईना पण नातलगच निघाला.

खरी गोष्ट पुढची आहे. सातवीत विभक्तीचा तक्ता आला. 'स-ला-ते, स-ला-ना-ते' हे आम्ही पाढ्यांसारखं म्हणायचो, मागच्या बाकावरचे तर बाकावर ताल धरून. एकदा मी हात वर केला. म्हटलं, "बाई, यात 'ले' कुठं आहे?"

माझी आई वऱ्हाडातली. घरात 'मले', 'तुले', 'कायले'. 'मला' हा शब्द मी शाळेच्या फाटकात शिरताना अंगावर चढवायचो आणि सुटी झाली की काढून दप्तरात टाकायचो. 'ला' तक्त्यात होता, आमचा 'ले' नव्हता. म्हणजे आई बोलते ते काय होतं?

बाईंनी खडू घेतला आणि चतुर्थीच्या रांगेत 'ला'च्या शेजारी 'ले' लिहिला. कंसात नाही, लहान अक्षरात नाही, त्याच मापाचा. म्हणाल्या, "घ्या लिहून."

मग म्हणाल्या, इंग्रजांचाही असाच तक्ता होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विभक्त्या होत्या, आणि आपल्या तो-ती-ते सारखी तीन लिंगंही. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि बायको नपुंसकलिंगी. (यावर मुलींच्या बाजूने जो गलका झाला, तो मला अजून आठवतो.) मग उत्तरेकडून व्हायकिंग आले, तिथेच राहिले, सोयरिकी झाल्या. शब्द दोघांचे मिळतेजुळते, शेपट्या तेवढ्या वेगळ्या. रोजच्या व्यवहारात शेपट्यांची अडचण होऊ लागली आणि त्या झिजल्या, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. आपल्या 'चा'सारखा एक षष्ठीचा 'एस' काय तो आज नामांना उरला आहे. नागपूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इतवारीत एका दुकानात अर्धा तास उभं राहिलं की हिंदी आणि मराठी एकमेकींना कशा घासतात ते ऐकू येतं. आमचं 'जाऊन राहिलो' हे हिंदीच्या 'जा रहा हूँ'ला घासूनच आलेलं दिसतं.

तर 'शुद्ध' कोणतं? बाईंनी अंड्याची गोष्ट सांगितली. ती कॅक्स्टननेच १४९० मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवली आहे. काही व्यापारी गलबतातून निघालेले, वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकाने एका बाईकडे 'एग्ज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो तडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसरा म्हणाला, 'एयरन' हवीत, तेव्हा तिला कळलं. 'एयरन' हा तिथला जुना शब्द, 'एग' हा व्हायकिंगांबरोबर आलेला. दोघंही इंग्रजच. पुढे पाहुणा टिकला आणि घरचा गेला.

बाई म्हणाल्या, यात शुद्ध-अशुद्ध काही नाही, गादी कुठे आहे ते बघायचं. नवव्या शतकात आल्फ्रेड राजाची गादी दक्षिणेला वेसेक्समध्ये होती, त्याने लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणवले, तेव्हा तिकडची बोली ती ग्रंथांची भाषा. पुढे दरबार, पेढ्या आणि छापखाना लंडनकडे गेले, मग लंडनची बोली प्रमाण झाली आणि वेसेक्सचे लोक गावंढळ ठरले. "आता आपल्याकडे या," म्हणाल्या. "लीळाचरित्र कुठं लिहिलं म्हाइंभटांनी? रिद्धपुरात. तेराव्या शतकात मराठी गद्य तुझ्या आईच्या मुलखात बसून लिहिलं गेलं." आणि खडू ठेवता ठेवता, जरा स्वतःशीच, "१९५६ पर्यंत आपलं नागपूरही राजधानी होतं म्हणा. पण हिंदी-मराठी दोघांची."

पुढे मी इंजिनिअर झालो आणि नोकरीसाठी पुण्याला गेलो. पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, "ड्रॉइंग करून राहिलो." सगळा विभाग हसला, आणि नंतर कित्येक महिने मला पाहिलं की कुणीतरी 'करून राहिलो का?' विचारायचं. मी हसण्यावारी नेलं असं सांगायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. वर्षभर मी फार जपून, इस्त्री केल्यासारखं बोललो. आईला फोनवर एकदा 'तुला' म्हणालो, तर ती म्हणाली, "काहून रे, बरं नाही वाटून राहिलं का तुले?"

तेव्हा तो फळा आठवला.

शाळेने अमृतमहोत्सवासाठी आठवण मागितली, म्हणून ही एवढी लिहिली. बाई आता नाहीत. पण त्या भोळ्या होत्या असं कुणी समजू नये, म्हणून शेवटची गोष्टही सांगून टाकतो. त्याच वर्षी सहामाहीच्या निबंधात मी मुद्दाम, फुशारकीने, 'मले पावसाळा आवडते' असं लिहिलं. पेपर मिळाला तर 'मले'खाली लाल रेघ आणि अर्धा मार्क कमी. मी पेपर घेऊन टेबलाशी गेलो. म्हटलं, "बाई, तक्त्यात तुम्हीच लिहिला होता ना 'ले'?"

"लिहिला होता," बाई म्हणाल्या. "पण तीन वर्षांनी बोर्डाचा पेपर मी तपासणार नाही. आणि 'आवडते'चा अर्धा मार्क मी कापलाच नाही, तो आधी मोजून घे."